चौथ्या मिनिटाला आबा काय म्हणाले

“अंकल, धीरे बोलिए. हम लोग बहरे नहीं हैं.”

एवढं बोलून त्या मुलानं कानांवरचा हेडफोन काढला आणि खोलीतल्या बाकी दोघांकडे बघून हसला. ती दोघंही हसली. माझे वडीलही हसले. आबांना ऐकू येत नाही, पण ओठ वाचता येतात. त्या मुलाचा शब्द न् शब्द त्यांना कळला होता. तरी हसले. परक्याच्या घरी हातातून पाण्याचा पेला सांडला की माणूस हसतो, तसे.

आणि मी? मी आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तळव्यानं दोनदा दाबलं. हळू.

त्या खोलीत आबांना गप्प करणारे तीन जण होते, असं मी बरेच दिवस सांगत आले. चार होते.

खोली ध्वनिमुद्रणाची. भिंतींना करडा स्पंज, दाराला रबराची पट्टी. दार लावलं की आपलाच श्वास ऐकू येतो. सुरतेच्या ज्या बाजूला रस्त्यांच्या मधोमध झाडं लावलेली असतात आणि त्यांना वेळेवर पाणी घातलं जातं, त्या बाजूच्या एका जुन्या बंगल्यात हे केंद्र आहे. माध्यमं आणि कला यांचं सामुदायिक केंद्र. समुदाय म्हणजे आम्ही, हे मला तिथे गेल्यावर समजलं. तोवर आम्हाला लोक आमच्या वस्तीवरून नुसतं नवागामवाले म्हणायचे.

मी एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातली निम्मी मुलं घरी अहिराणी बोलतात, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. मराठी फक्त माझ्याशी, तीही माझी कीव येऊन. या मुलांना घेऊन मी पहिल्यांदा केंद्रात गेले. खोक्याचा कॅमेरा करायची कार्यशाळा होती. बुटाच्या खोक्याला टाचणीनं भोक पाडायचं, पलीकडच्या बाजूला पातळ कागद लावायचा आणि डोक्यावरून चादर घ्यायची. बाहेरचा कडुनिंब त्या कागदावर उलटा उतरला, तेव्हा माझा सगळा वर्ग गप्प झाला. वर्ग गप्प करायला मला सात वर्षांत जमलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला केंद्र आवडलं.

मग मी जात राहिले. दर रविवारी सकाळी एक चित्रपट असे आणि नंतर चर्चा. चर्चेत दर वेळी तीच चार माणसं बोलत आणि दर वेळी एकमेकांशी सहमत होत. बायकांना मोबाइलवर चित्रपट करायला शिकवत. म्हाताऱ्यांचे आवाज टिपून ठेवत. वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम. त्याच्या पत्रिकेत उद्घाटनाला एक पान आणि समुदायाला एक ओळ. मी हे सगळं बघत होते आणि मनात हसत होते. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाची एक खोड असते. मनात हसलं की आपण त्यातले नाही, असं त्याला वाटतं.

केंद्र चालवणाऱ्या बाईंना आम्ही बेन म्हणायचो. त्यांना ते आवडत नसे. नुसत्या नावानं हाक मारा, इथे कुणी मोठं-लहान नाही, असं त्या सांगायच्या. आमच्यातल्या कुणाची जीभ धजावली नाही. बेनने मला गळ्यात घालायचं कार्ड दिलं. त्यावर माझा फोटो आणि खाली ‘कम्युनिटी को-ऑर्डिनेटर’. मी ते बसमध्येही काढत नसे. शेजारी बसलेल्या बाईला वाचता यावं म्हणून पदर जरा बाजूला करत असे. हे लिहिताना लाज वाटते. पण लिहायचं तर हेही लिहायला हवं.

त्या वर्षी लूम्सच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारागिरांवर चित्रपट करायचं ठरलं. बेन म्हणाल्या, कुणीतरी बोलका माणूस हवा, ज्याच्याकडे गोष्ट आहे असा. मी म्हटलं, माझे वडील आहेत.

आबांकडे गोष्ट होती. खरं तर गोष्ट एकच होती, आणि ती एका वाक्याची होती.

आबा शिंदखेड्याकडून विशीत सुरतेला आले आणि एकाच खात्यात सव्वीस वर्षं राहिले. लूम्सच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. आत शंभरेक माग एकदम चालतात. तिथे माणूस ओरडला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही, म्हणून कुणी ओरडत नाही. ओठ हलवतात, आवाज काढत नाहीत. चार मागांपलीकडचा माणूस ते बघून उत्तर देतो. आमच्या गल्लीत सगळ्यांना ही बोली येते. बायकांना, पोरांनाही. माझी माय चुलीपाशी बसून गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या आबांशी भांडायची आणि शेजारणीला चाहूलही लागायची नाही. म्हणजे लागायची. कारण शेजारणीलाही ओठ वाचता यायचे. आमच्याकडे गुपित सांगायचं तर आवाज बारीक करत नाहीत, तोंडावर हात घेतात.

सव्वीस वर्षांत आबांचे कान हळूहळू गेले. एका दुपारी मागाचा आवाज बदलला आणि आबांना तो बदल ऐकू आला नाही. अनुभवी कारागीर कपडा बघायच्या आधी आवाजावरून ओळखतो की धागा तुटलाय. आबांचा सबंध ताणा खराब झाला. शेठ आला. आबांनी त्याला सांगायचा प्रयत्न केला की कानांनी दगा दिला. शेठ सगळ्या कारागिरांसमोर म्हणाला, “आ तो घरेथी ज बहेरो आवेलो.” हा तर घरूनच बहिरा आला होता.

आबांनी ते ओठांवरून वाचलं. सगळ्यांनीच वाचलं. जेवणाच्या सुट्टीआधी आबा घरी आले, डबा तसाच.

कामावरून काढलं याचं आबांना फार नव्हतं. आज ना उद्या ते होणारच होतं. पण घरूनच बहिरा आला, हे वाक्य त्यांच्यात रुतून बसलं. शिंदखेड्यात रात्री राखणीला बसलेला हा माणूस कापसात रानडुक्कर शिरलं तर शेताच्या दुसऱ्या टोकावरून सांगायचा. त्याला म्हणे घरूनच ऐकू येत नव्हतं. पुढची नऊ वर्षं आबा भेटेल त्याला सांगत राहिले, मी बहिरा आलो नव्हतो, इथे झालो. न्हाव्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, लग्नातल्या पाहुण्यांना सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, कारण बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती लागतो ते कळत नाही. लोक मान डोलवून पुढे जायचे. मी त्यांची बाही ओढायचे. आबा, हळू. आबा, लोक बघतात. शाळेच्या संमेलनाला मी त्यांना एकदाही बोलावलं नाही. जागा कमी आहे, असं सांगायचे.

म्हणून चित्रपटाचं निघालं तेव्हा मला वाटलं, आता एकदाच, कॅमेऱ्यासमोर, सगळ्या शहराला सांगू दे. माझं देणंही त्यात फिटेल.

तर त्या खोलीत आबा बोलायला लागले आणि त्या मुलाच्या यंत्रावरचा काटा लाल पट्टीत गेला. हळू बोला म्हटल्यावर आबांनी आवाज इतका उतरवला की काटा हलेचना. मग परत लाल. सहा वेळा तेच वाक्य. सहाव्या वेळी आबांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते माझ्याकडे बघत होते, गणित चुकलेला पोरगा बाईंकडे बघतो तसे. मुलगा म्हणाला, चेहरा घेऊन ठेवू, आवाजाचं नंतर बघू.

एका कागदावर सही करायची होती. इंग्रजीत चार पानं. आबांनी मराठीत सही केली, सावकाश, आडनावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत. साक्षीदार म्हणून मी केली. मी आयुष्यात इतकी पुस्तकं वाचली. ती चार पानं मात्र वाचली नाहीत.

त्या आठवड्यात मी आबांचं सगळं बोलणं हिंदीत उतरवून दिलं. ते एक वाक्य अधोरेखित केलं. आबा अहिराणीत म्हणाले होते ते वरती जसंच्या तसं लिहिलं: “मी बहिरा व्हईसन उनू नही. आठे व्हयनू.” बेनने कागद घेतला, चाळला, आणि फार मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तमारा पप्पानो चहेरो तो बहु ज सरस छे,” त्या म्हणाल्या. “अवाज जरा हार्श छे.”

चेहरा फार सुंदर, आवाज जरा कर्कश. मी थँक्यू म्हणाले. खरंच म्हणाले.

चित्रपटाचा पहिला खेळ केंद्राच्या वर्षाच्या मोठ्या कार्यक्रमात, एका रविवारी सकाळी होता. समुदायाला आणायला केंद्रानं बस पाठवली. आमच्या गल्लीतली तीसेक माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली. मायने मोठ्या सणाला नेसायचं लुगडं काढलं. सभागृहात मागच्या चार रांगांवर ‘समुदायासाठी राखीव’ असं छापलेले कागद चिकटवले होते. राखीव जागा मागे का, असं माझ्या मनात आलं आणि मी ते नेहमीप्रमाणे मनातच ठेवलं. पुढे पाहुणे. समई पेटेना, कारण पंखा. पंखा बंद केला तर पाहुण्यांना घाम. शेवटी दोघांनी हात आडवे धरून ज्योत पेटवली आणि छायाचित्रकारानं परत एकदा पेटवायला लावली. प्रमुख पाहुणे कापडाच्या धंद्यातले होते. कला माणसांना जोडते असं ते म्हणाले. कशाशी, ते म्हणाले नाहीत.

मग अंधार झाला. मी पुढे बाजूच्या खुर्चीवर होते, गळ्यात कार्ड.

चौथ्या मिनिटाला आबा पडद्यावर आले. फक्त चेहरा, भिंतीएवढा. खरोखर सुंदर दिसत होते. सुरकुत्यांवर तिरपा उजेड, मिशीचा एकेक केस वेगळा. मागे मागांचा आवाज, पण धुऊन, वाळवून, अत्तर लावलेला. त्यावर सारंगी. आणि आबांचे ओठ हलत असताना एका नटाचा खोल, मऊ आवाज हिंदीत बोलत होता. तेच खाली अक्षरांतही येत होतं.

“मशीन की आवाज़ ही मेरा संगीत है.”

ओठ म्हणत होते, मी बहिरा व्हईसन उनू नही. आठे व्हयनू.

त्यांनी आवाज काढून टाकला होता. ओठ तसेच ठेवले होते. ओठांवरून कुणी वाचेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. का यावं? त्यांच्या घरात सगळ्यांना ऐकू येतं.

मी मागे वळून बघितलं. पडद्याचा उजेड शेवटच्या चार रांगांवर पडला होता. तीस माणसं पडद्यावरचे ओठ वाचत होती आणि मग खालची अक्षरं. आबांच्या शेजारचे माग चालवणारे भटूनाना खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे ओठ हलले, आवाज नाही. “तो ते बोलीच नही ऱ्हायना.” तो ते बोलतच नाहीये. पलीकडून कुणीतरी तसंच उत्तर दिलं. मग सगळ्या रांगांत ओठ हलायला लागले. खात्यात चालतं तसं. सभागृहाच्या मागच्या बाजूला केवढा गलबला चालला होता, आणि पुढच्या माणसांना सारंगी ऐकू येत होती.

आबा मधल्या वाटेजवळ बसले होते. आपलं वाक्य पडद्यावर बघून आधी त्यांचा चेहरा उजळला. शेवटी एकदाचं सांगितलं गेलं, असं त्यांना वाटलं असणार. मग त्यांची नजर खाली अक्षरांवर गेली. हिंदी ते सावकाश वाचतात. वाचून झालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि हळूच आपला हात आपल्याच तोंडावर घेतला.

चित्रपट संपल्यावर बेनने आम्हा दोघांना मंचावर बोलावलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी अगदी मनापासून विचारलं, मशीनचा आवाज अजून आठवतो का? मी आवाज न काढता आबांना ते सांगितलं. आबांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

“याद कसानी? तोच आवाज कानमा शे. दुसरं काहीच आयकू येत नही.”

आठवण कसली, तोच आवाज कानात आहे. दुसरं काही ऐकूच येत नाही. हे ते जोरात बोलले. माइक किंचाळला. पुढच्या रांगेत दोघांनी कानांत बोटं घातली. कुणीतरी हसलं. हेडफोनवाला मुलगा धावत आला आणि त्यानं आबांच्या हातातून माइक काढून घेतला. हिसकावला नाही, काढून घेतला. लहान मुलाच्या हातातून कात्री घेतात तसा.

“कोई बात नहीं,” बेन सभागृहाला म्हणाल्या. “हम समझ गए.” आणि माइक माझ्याकडे देत खालच्या आवाजात, “टूंकमां कही दो ने. सरस रीते.” थोडक्यात सांग. छान करून.

आबांचे हात अजून तसेच होते, माइक धरल्यासारखे. रिकामे. ते हात मी सव्वीस आणि नऊ अशी सगळी वर्षं बघितले होते आणि दर वेळी दुसरीकडे बघितलं होतं. छान करून. मी हेच तर करत आले होते. आबांना छान करून दाखवत होते. शाळेला, शेजाऱ्यांना, स्वतःला.

मी म्हणाले, “बेन, आप लोग कुछ नहीं समझे.”

मग मी सांगितलं. चौथ्या मिनिटाला आबा काय म्हणतात ते हिंदीत सांगितलं, अहिराणीत सांगितलं. आता काय म्हणाले तेही. मी उतरवून दिलेला कागद कुणाकडे आहे ते सांगितलं.

आणि मग टाळ्या.

जोरदार टाळ्या. पुढच्या रांगा उभ्या राहिल्या. एका बाईंनी डोळे पुसले. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. बेनने मला मिठी मारली आणि कानात म्हणाल्या, फार पॉवरफुल झालं, पुढच्या वेळीही असंच करू. मागच्या चार रांगांत एकही टाळी वाजली नाही. भटूनाना उठून बाहेर गेले होते.

मी गळ्यातलं कार्ड काढून चहाच्या टेबलावर ठेवलं. परतीच्या बसमध्ये कुणी काही बोललं नाही. ओठांनीही नाही.

केंद्राला मी पत्र लिहिलं. आबांचे शब्द परत घाला, नाही तर त्यांचा चेहरा काढा. उत्तर फार सुसंस्कृत आलं. भावनांचा आदर आहे. पण चित्रपट पूर्ण झालेला आहे, आणि बदल करण्याचा हक्क त्या चार पानांनी केंद्राला दिला आहे. सोबत शेवटच्या पानाची प्रत. खाली साक्षीदार, माझी सही, वळणदार.

त्यानंतर आबांनी आवाज काढणं सोडलं. नवीन काही दुखणं नाही. डॉक्टरांनी घसा बघितला, ठीक आहे. आता ते घरातही फक्त ओठ हलवतात. माय स्वयंपाक करताना पाठमोरी असली तर ते तिच्या खांद्याला हात लावतात, ती वळेपर्यंत थांबतात, मग बोलतात. न्हाव्याकडे गप्प बसतात. ते एक वाक्य मी त्यांच्या तोंडून परत ऐकलेलं नाही. इतकी वर्षं मी त्यांना हळू बोला म्हणत होते. आता घर शांत आहे. ही शांतता मला सहन होत नाही.

मी त्यांना सांगितलं की मी हे सोडणार नाही. ते म्हणाले, अर्थात ओठांनीच, “ऱ्हाऊ दे, बाई.” राहू दे. मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही.

चित्रपट आता शहरभर फिरतो. कॉलेजांत, क्लबांत, दुसऱ्या केंद्रांत. एका कॉलेजात मी गेले आणि चौथ्या मिनिटाला अंधारात उभी राहून बोलले. मला खाली बसवलं. दुसऱ्या ठिकाणी बोलले, बाहेर काढलं. तिसऱ्या ठिकाणी दारावरच्या माणसाकडे माझा फोटो होता, कार्डावरचाच. तिथे मी फाटकाबाहेर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कागद दिला. त्यावर आबांचं वाक्य, खाली हिंदी, त्याखाली माझं नाव आणि नातं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, जपून, नोकरी आहे. भटूनाना म्हणाले, पुढच्या वेळी मी येतो. ते आले तर दोघं असू. नाही आले तरी मी असेन. पोलिसात देतील, देवोत. तिथेही माझं बोलणं लिहून घ्यावं लागेल, आणि त्याखाली सही करण्याआधी मी प्रत्येक ओळ वाचेन.

माझ्या बापाच्या तोंडी त्यानं न म्हटलेलं वाक्य घालून हा चित्रपट या शहरात कुठेही शांतपणे दाखवता येणार नाही.

या रविवारी अकरा वाजता खेळ आहे. मी साडेदहाला तिथे पोचते.